स्क्रू-ड्रायव्हरच्या अलीकडे

होळी झाली की मुंबई-पुण्यातल्या एसी मेकॅनिकांचे फोन लागेनासे होतात. हिवाळाभर भिंतीवर गप्प बसलेला एसी सुरू करण्याआधी त्याचे ‘सर्व्हिसिंग’ करून घ्यायचे, दिवाळीच्या आगेमागे पुन्हा एकदा, आणि मधल्या काळात त्याला हात लावायचा नाही, अशी बहुतेक घरांची रीत आहे. वार्षिक देखभालीचा करार घेतलेल्यांना तर आपण हात न लावण्याचेच पैसे भरले आहेत असे वाटते. ही रीत चुकीची आहे. एसीच्या कामावर सर्वांत जास्त परिणाम करणारी स्वच्छता वर्षातून दोनदा करून भागत नाही, वापराच्या दिवसांत ती दर पंधरवड्याला करावी लागते, आणि दर पंधरवड्याला मेकॅनिक बोलावणे कोणालाच परवडणारे नाही. म्हणून ती घरच्यांनीच करायला हवी. तिची हद्दही सरळ आहे: जिथे स्क्रू-ड्रायव्हर हातात घ्यावा लागतो, तिथे घरच्यांचे काम संपते. आपण मात्र या हद्दीच्या दोन्ही बाजूंना उलटे वागतो. अलीकडचे सोपे काम टाळतो आणि कधी हुक्की आली की व्हिडिओ पाहून थेट पलीकडे उडी मारतो.

पंधरवडाच का, हे समजायला भिंतीवरचा एसी नेमके काय करतो ते पाहावे लागेल. तो बाहेरची ताजी हवा आत आणतो असा समज बराच पसरलेला आहे. तसे काही होत नाही. आतल्या आणि बाहेरच्या युनिटमधून जाणाऱ्या तांब्याच्या नळ्यांत गॅस फिरतो, हवा नाही. एसी खोलीतलीच हवा वरून ओढतो, थंड कॉइलवरून नेतो आणि खालून पुन्हा खोलीत सोडतो. दीड टनाचा एसी पूर्ण वेगाने चालला तर दहा बाय बाराच्या खोलीतली सगळी हवा तासाभरात वीसेक वेळा त्याच्या पोटातून जाऊन येते, म्हणजे रात्रीच्या आठ तासांत दीडशेच्या वर. या हवेत काय असते? चादरी-उशांचे तंतू, आपल्याच त्वचेचे कण, टाल्कम पावडर, उदबत्तीचा आणि मच्छर अगरबत्तीचा धूर. नव्या पद्धतीच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघराला दारच नसते, तेव्हा फोडणीचा तेलकट वाफाराही असतो, आणि तेलकट झालेल्या जाळीवर पुढची धूळ अधिकच घट्ट बसते. त्यात शहरांमध्ये शेजारच्या इमारतीचे पाडकाम किंवा बांधकाम सुरू नसेल असा महिना विरळा. हे सगळे अडवायला कॉइलच्या पुढ्यात एक बारीक जाळी बसवलेली असते, तिलाच आपण फिल्टर म्हणतो. जाळी भरते याचा अर्थ ती काम करते आहे. भरलेली जाळी सहा महिने तशीच ठेवणे हा दोष आपला आहे. बहुतेक कंपन्यांच्या माहितीपुस्तिकेत जाळी साधारण दोन आठवड्यांनी धुवायला सांगितलेली असते. पण ही पुस्तिका खोक्यातून निघून सरळ कपाटात जाते.

जाळी तुंबली की बिघाड लगेच दिसत नाही, हीच खरी अडचण. कॉइलवरून जाणारी हवा कमी होते, थंडावा खोलीत पोहोचायला वेळ लागतो आणि तेवढाच गारवा मिळवण्यासाठी कॉम्प्रेसर जास्त वेळ चालतो. तुंबलेला फिल्टर बदलला तर एसीचा वीजवापर पाच ते पंधरा टक्क्यांनी कमी होऊ शकतो, असे अमेरिकेचे ऊर्जा खाते सांगत आले आहे. तिथल्या घरांतली यंत्रणा बहुधा मध्यवर्ती असते, आपली भिंतीवरची, त्यामुळे हा आकडा जसाच्या तसा उचलू नये. दिशा मात्र तीच आहे. आपल्याकडे ऊर्जा कार्यक्षमता ब्यूरोच्या, म्हणजे बीईईच्या, तारांकित पट्टीवर वर्षाचा वीजवापर १६०० तासांच्या हिशेबाने लिहिलेला असतो. दीड टनाच्या एसीला तो साधारण साडेसातशे ते हजार युनिटांच्या दरम्यान येतो. दहा टक्के धरले तरी पाऊणशे ते शंभर युनिटे झाली, आणि महावितरणच्या वरच्या टप्प्यांत सगळे आकार मिळून युनिटमागे दहा रुपयांहून जास्त पडतात. आणखी एक गोष्ट विसरली जाते. पट्टीवरचे तारे प्रयोगशाळेत तपासलेल्या, स्वच्छ जाळीच्या यंत्राचे असतात. पाच ताऱ्यांच्या एसीसाठी काही हजार जादा मोजायचे आणि मग जाळी धुवायची नाही, म्हणजे विकत घेतलेले तारे एकेक करून परत देण्यासारखे आहे.

माझ्या मते मोठे नुकसान याहून वेगळ्या वाटेने होते, ते रिमोटच्या. हवा कमी लागते, म्हणून घरातला कोणीतरी तापमान चोविसावरून बाविसावर आणतो, मग विसावर. २०२० पासून तारांकित एसी सुरू होताना २४ अंशांवर सुरू व्हावेत असा नियम आहे, तो यासाठीच की एकेका अंशाने सुमारे सहा टक्के वीज वाचते असा बीईईचा अंदाज आहे. हाच हिशेब उलटा लावा: तुंबलेल्या जाळीने चार अंश खाली ढकललेला रिमोट चोवीसेक टक्क्यांचा खर्च वाढवतो. २०२५ च्या जूनमध्ये केंद्रीय ऊर्जामंत्र्यांनी एसीचे तापमान २० ते २८ अंशांच्या मर्यादेत बांधण्याचा विचार बोलून दाखवला, तेव्हा घरोघरी आणि समाजमाध्यमांवर त्यावर हमरीतुमरी झाली. लोकांच्या खोलीत सरकारने डोकवावे का, हा वाद चालू राहू दे. पण ज्याला चोवीस अंशांवर गार वाटत नाही त्याने आधी आपल्या एसीची जाळी पाहावी, ही साधी गोष्ट त्या गदारोळात फारशी ऐकू आली नाही.

विजेनंतर ओलाव्याचा मुद्दा येतो. विलिस कॅरियर या अमेरिकी अभियंत्याने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी जी यंत्रणा आखली, तिचा हेतू माणसांना गारवा देणे हा नव्हताच. दमट हवेने कागद फुगत होता आणि रंगीत छपाई जागेवर बसत नव्हती, म्हणून हवेतले पाणी काढायचे होते. आजचा एसीही तेच करतो. कोकण किनाऱ्यावरच्या दमट हवेत दीड टनाचा एसी तासाला लिटरभर पाणी सहज काढतो. ते पाणी कॉइलवर जमते, खालच्या ट्रेमध्ये उतरते आणि नळीवाटे बाहेर पडते. म्हणजे कॉइल, ब्लोअर आणि ट्रे या जागा उन्हाळाभर ओल्या आणि अंधाऱ्या असतात. जाळीतून निसटलेली धूळ त्या ओलीवर बसली की बुरशीला याहून चांगली जमीन मिळत नाही. एसी सुरू करताच येणारा कुबट वास तिथलाच, आणि नळीत साचलेला बुळबुळीत गाळ पाण्याची वाट अडवतो तेव्हा भिंतीवरून ओघळ येतात तेही त्यामुळेच. ओलसर, बुरशी लागलेल्या घरांत राहणाऱ्यांत दमा आणि श्वसनाच्या तक्रारी जास्त आढळतात, असे जागतिक आरोग्य संघटनेने २००९ च्या मार्गदर्शक तत्त्वांत नोंदवले आहे. याचा अर्थ प्रत्येक खोकल्याचे खापर एसीवर फोडावे असा नाही. महागडे ‘डीप क्लीनिंग’ विकताना काही जण लिजिओनेअर्स आजाराचे नाव घेऊन घाबरवतात, ते तर टोकाचे झाले. १९७६ मध्ये फिलाडेल्फियात उघड झालेल्या त्या आजाराचे जिवाणू वाढतात ते मुख्यतः मोठ्या इमारतींच्या कूलिंग टॉवरमध्ये आणि पाण्याच्या यंत्रणांत; घरगुती स्प्लिट एसीला कूलिंग टॉवर नसतो. भीती दाखवून विकलेली स्वच्छता वर्षातून एकदा होते, सवयीची स्वच्छता वर्षभर चालते, आणि उपयोग दुसरीचा आहे.

स्वतः जाळी धुण्याचा सर्वांत मोठा फायदा मात्र वीज किंवा वास यांच्यापेक्षा वेगळा आहे. त्याने माणूस फसत नाही. ‘गॅस कमी झालाय’ हे एसीच्या धंद्यातले सर्वांत महाग वाक्य असावे. वास्तविक एसीतला गॅस पेट्रोलसारखा खर्च होत नाही. तो बंद नळ्यांत फिरत राहतो आणि गळती नसेल तर वर्षानुवर्षे तेवढाच राहतो. दर उन्हाळ्यात गॅस भरावा लागत असेल तर एक तर कुठेतरी गळती आहे आणि ती कोणी शोधत नाही, किंवा मुळात गॅस कमी झालेलाच नाही. मेख अशी की, गॅस कमी होण्याची आणि जाळी तुंबण्याची लक्षणे जवळजवळ सारखी आहेत. गारवा कमी होतो, आणि कॉइलवर बर्फ धरतो. गॅस कमी असला तर कॉइलमधला दाब उतरतो आणि तिचा काही भाग शून्याखाली जातो. जाळी तुंबली असली तर कॉइलला पुरेशी गरम हवाच मिळत नाही, म्हणून तीही गोठते. बाहेरून पाहणाऱ्याला बर्फ तो बर्फच. ज्या घरात जाळी धुतलेली असते तिथे दुसरे कारण आधीच बाद झालेले असते, आणि मेकॅनिकशी बोलणे सोपे होते: जाळी परवाच धुतली आहे, तरी बर्फ धरतो, तेव्हा गळती कुठे आहे ती दाखव, आणि गॅस वजनकाट्यावर मोजून भर. यंत्रात किती गॅस हवा तो आकडा बाहेरच्या युनिटवरच्या पट्टीवर छापलेला असतो. घरगुती एसीत तो बहुधा किलोच्या आसपास किंवा त्याहून कमी असतो. ही दोन वाक्ये ठामपणे बोलता आली तर काही हजारांचे बिल टळू शकते. शिवाय आजच्या बहुतेक नव्या एसीत असलेला आर-३२ हा गॅस तापमानवाढीच्या हिशेबात कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे पावणेसातशे पट जड आहे. गळती तशीच ठेवून दर वर्षी नवा गॅस हवेत सोडणे हे खिशाबाहेरचेही नुकसान आहे.

यावर पहिली हरकत विजेची निघते, आणि ती रास्त आहे. विजेच्या वस्तूत नवशिक्याने हात घालू नये. पण जाळी काढणे म्हणजे विजेच्या भागात हात घालणे नाही. एसीचा मुख्य स्विच किंवा एमसीबी बंद करायचा, पुढचे प्लॅस्टिकचे पॅनल दोन्ही बाजूंनी धरून वर उचलायचे, जाळ्या किंचित वर ढकलून खाली ओढून घ्यायच्या, एवढेच. त्या नळाखाली साध्या किंवा कोमट पाण्याने, तेलकट असतील तर भांड्यांच्या साबणाचे दोन थेंब टाकून, मऊ ब्रशने धुवायच्या आणि सावलीत पूर्ण वाळवून परत बसवायच्या. उन्हात ठेवल्या तर प्लॅस्टिकची चौकट वाकते, ओल्या बसवल्या तर बुरशीला आपणच निमंत्रण देतो. जाळीवर काळ्या कोळशाचा किंवा बारीक धुळीचा वेगळा पातळ फिल्टर चिकटवलेला असेल तर तो बहुधा धुवायचा नसतो, एवढे पुस्तिकेत पाहून घ्यावे. वाळण्याचा वेळ सोडला तर हे दहा-पंधरा मिनिटांचे काम आहे. याची तुलना विदर्भातल्या कूलरशी करावी. नागपूर-अकोल्याकडे उन्हाळा लागला की घरोघरी माणसे स्वतः कूलर उघडतात, खसच्या ताट्या बदलतात, टाकी घासतात, पंप काढून पाहतात. कूलरमध्ये पाणी, लोखंडी पत्रा आणि वीज तिन्ही एकत्र असतात. धक्का लागून माणसे दगावतात आणि महावितरणला दर उन्हाळ्यात सावधगिरीचे आवाहन करावे लागते. तरी ते काम घरचे मानले जाते. त्याहून कितीतरी कमी धोक्याची जाळी मात्र ‘तज्ज्ञाचे काम’ ठरते, कारण एसी पांढरा, गुळगुळीत आणि महाग आहे. आपली भीती धोक्याच्या प्रमाणात नाही, वस्तूच्या किमतीच्या प्रमाणात चालते.

हद्दीपलीकडची भीती मात्र खरी आहे, आणि तिथे उत्साह आवरायला हवा. कॉइलवर आणि ब्लोअरवर फवारायचे फेसाळ स्प्रे आता सहज मिळतात. फवारा, वीस मिनिटे थांबा, एसी नवा झाला, असे सांगणारे व्हिडिओ तर ढिगाने आहेत. भिंतीवरचे एसी घरोघर असलेल्या जपानमध्ये हा प्रयोग आपल्या आधी झाला, आणि तिथल्या नाइट या उत्पादन-सुरक्षा संस्थेने अशा घरगुती धुलाईबद्दल इशारे दिले आहेत. द्रव विजेच्या भागांवर गेला की लगेच काही होत नाही, पण पुढे तिथे ठिणगी पडून आग लागू शकते. सर्किट बोर्ड बहुतेक एसींत आतल्या युनिटच्या एका कडेलाच असतो, झाकणाआड, आणि नवख्या हाताला तो कुठे सुरू होतो हे कळत नाही. कॉइलचे अॅल्युमिनियमचे पातळ पत्रे नखाने दाबले तरी वाकतात. तारेच्या ब्रशने त्यांच्यावरचा संरक्षक लेप जातो, आणि नाल्याकाठच्या किंवा खाऱ्या हवेच्या वस्तीत तो लेप फार मोलाचा असतो. ब्लीचने अॅल्युमिनियम गंजते. ब्लीच आणि संडास साफ करण्याचे अॅसिड एकत्र आले तर क्लोरिन वायू निघतो, आणि मग एसीपेक्षा माणसाला दवाखान्यात न्यावे लागते. बाहेरच्या युनिटचे तर नावच काढू नये. स्विच बंद केल्यावरही त्यातले कपॅसिटर काही वेळ भारित राहू शकतात, काही कंपन्यांच्या एसीत आर-२९० म्हणजे प्रोपेन हा ज्वलनशील गॅस असतो, आणि मुख्य म्हणजे ते युनिट बहुधा सातव्या-आठव्या मजल्याच्या छज्ज्यावर टांगलेले असते. तिथे मेकॅनिकनेही दोर आणि पट्टा बांधल्याशिवाय उतरू नये. आपण त्याला तसे उतरायला लावतो, ही शहरी सोसायट्यांनी लाज बाळगावी अशी गोष्ट आहे.

बाकीच्या हरकती तुलनेने हलक्या आहेत. नव्या एसीत ‘ऑटो क्लीन’चे बटण असते, मग जाळी कशाला धुवायची? ते बटण एसी बंद होताना आतला पंखा चालवून कॉइल वाळवते, काही एसींत कॉइल गोठवून-वितळवून धूळ खाली सोडते. चांगली सोय आहे, जरूर वापरावी, पण जाळीवरची लोकर तिच्याने निघत नाही. वॉरंटी जाईल का? ज्या कंपनीची पुस्तिकाच जाळी धुवायला सांगते, ती त्यासाठी वॉरंटी कशी काढून घेईल? उलट ‘जाळी न धुतल्यामुळे’ झालेला बिघाड वॉरंटीबाहेर ठरण्याची शक्यता जास्त. आणि मेकॅनिकच्या पोटावर पाय? जाळी धुणे हे त्याचे कौशल्य नाहीच. आयटीआयमध्ये रेफ्रिजरेशन आणि एअर कंडिशनिंगचा अभ्यासक्रम दोन वर्षांचा आहे. ती दोन वर्षे गळती शोधणे, नळ्या जोडणे, व्हॅक्यूम काढणे आणि गॅस मोजून भरणे शिकण्यासाठी असतात. केंद्राच्या २०१९ च्या ‘इंडिया कूलिंग अॅक्शन प्लॅन’ने एक लाख तंत्रज्ञांना प्रशिक्षण आणि प्रमाणपत्र देण्याचे लक्ष्य ठेवले, तेही अशाच कामासाठी. एप्रिल-मे महिन्यांत हा माणूस दिवसाला आठ-दहा घरे फिरतो आणि प्रत्येक घरी त्याचा वेळ काळीकुट्ट जाळी घासण्यात जातो. मग कॉइल, ब्लोअर आणि पाण्याची नळी यांवर पाण्याचा एक फवारा मारून तो पुढच्या घरी पळतो. जाळी आपण धुतली तर त्याचा तो वेळ खऱ्या कामाला मिळेल, आणि ते काम त्याच्याकडून मागण्याचा हक्क आपल्याला राहील. वर्षातून एकदा, किनाऱ्यावर किंवा फार धुळीच्या वस्तीत दोनदा, त्याला बोलवायलाच हवे.

एक हरकत मला खरोखर वजनदार वाटते. एसी सात-आठ फुटांवर बसवलेला असतो. घरात दोघेच ज्येष्ठ असतील तर त्यांनी स्टुलावर चढून हात वर करणे धोक्याचे आहे. जाळी धुऊन वाचवलेली वीज खुब्याच्या हाडापेक्षा स्वस्तच. आणि ‘घरच्यांनी करावे’ म्हटले की व्यवहारात ते काम घरातल्या बाईच्या किंवा धुणी-भांडी करणाऱ्या मावशींच्या अंगावर पडते, कोणी न विचारता. हे टाळायला हवे. घरात जो उंच आहे आणि ज्याचा तोल चांगला आहे त्याने रुंद पायऱ्यांच्या शिडीवरून हे करावे; तसे कोणी नसेल तर सोसायटीतल्या एखाद्या तरुणाला पंधरवड्याला पन्नास-शंभर रुपये देऊन चार घरांच्या जाळ्या काढून-बसवून घेता येतील. कंपन्यांकडूनही थोडी अपेक्षा आहे. जाळी धुण्याची आठवण करणारा दिवा काही महाग एसींत असतो, तो सगळ्यांत असावा. जाळी कशी काढायची याची चित्रे पुस्तिकेत पुरण्याऐवजी पॅनलच्या आतल्या बाजूला, मराठीसह, छापावीत. आणि बीईईने ताऱ्यांच्या पट्टीवर एक ओळ वाढवावी: वर लिहिलेला वीजवापर स्वच्छ फिल्टर धरून आहे.

ते होईल तेव्हा होईल. येत्या रविवारी एसीचा मुख्य स्विच बंद करा, पॅनल उचला आणि जाळी उजेडासमोर धरा. पलीकडचे दिसत नसेल तर धुवा. आतल्या कॉइलवर किंवा ब्लोअरच्या पात्यांवर काळे ठिपके दिसले तर तिथेच थांबा, मेकॅनिकला बोलवा आणि तो काम करत असताना शेजारी उभे राहा.